दोन्हीकडचा ब्रेक

ताई: आत्ता ब्रेक कोणी दाबला?

भाऊ: तू दाबलास. छान दाबलास. आता पहिला गिअर टाक.

ताई: मी नाही दाबला. माझा पाय नुसता तिकडे निघाला होता. पोचायच्या आत पेडल आपसूक खाली गेलं.

भाऊ: जुनी गाडी आहे, ताई. पेडल थोडं ढिलं असतं.

ताई: ढिलं असलं तर कधीही खाली बसेल. बरोब्बर त्या सायकलवाल्याच्या आधी कसं बसलं? पेडलला सायकल दिसली?

भाऊ: मागे गाड्या तुंबल्यात. आधी हल तू.

ताई: हलते. पुढे कडेला घेते आणि मग तुझे पाय बघते.

भाऊ: माझ्या पायांत काय बघायचंय? आरसा बघ. सिग्नल दे. हां, सावकाश. अजून थोडी आत घे. थांब.

ताई: हे बघ, आत्तासुद्धा. मी थांबवली नाही, ती थांबली.

भाऊ: थांबली ना? मग झालं तर.

ताई: झालं कसं? तुझ्या बाजूला ब्रेक आहे, क्लच आहे, ते पहिल्याच दिवशी दाखवलंस तू मला. म्हणालास, घाबरू नकोस, गरज पडली तर मी आहे. शिकवणीच्या गाडीत असतंच तसं, मला ठाऊक आहे. मला एवढंच विचारायचंय, गरज केव्हा केव्हा पडते?

भाऊ: क्वचित.

ताई: आज तुझ्या ऑफिसच्या दारातून निघालो. तिथून इथवर एकदा तरी मी एकटीने गाडी थांबवली का?

भाऊ: एकदा... त्या पेट्रोल पंपाच्या वळणावर...

ताई: तिथे गाडी बंद पडली होती.

भाऊ: तू रागावलीस.

ताई: नाही रे. नवल वाटतंय मला. मागच्या परीक्षेत नापास करताना ते परीक्षक साहेब म्हणाले होते, बाई, तुम्ही ब्रेकची वाट बघता. मी म्हटलं, हा माणूस चक्रम आहे. वाट बसची बघतात, ब्रेकची कोण बघतं? आता कळलं ते काय म्हणत होते. त्यांच्यापुढेही हेच पेडल होतं, पण ते हाताची घडी घालून बसले होते. आणि माझा पाय तुझ्या पायाची वाट बघत होता.

भाऊ: त्यांनी थोडं समजून घ्यायला हवं होतं. वय बघायला हवं होतं.

ताई: वयाचं राहू दे. मला सांग, तुला कळतं का, तू दाबतोस ते?

भाऊ: खरं सांगू? नाही कळत. सवय झालीय पायाला. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसलो तर तिथे पेडल नसतं, तरी मी दाबत असतो. तुझी भावजय म्हणते, दूध उतू जायला लागलं की मी टेबलाखाली पाय दाबतो.

ताई: आणि दूध थांबतं?

भाऊ: दूध कधी कोणाचं ऐकतं का?

ताई: म्हणून तुझी मुलगी चौकापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होय?

भाऊ: रोज माझ्या पाटीसमोरून जायची. वर हात करायची मला. शेजारचा चहावाला विचारायचा, तुमच्याकडे जागा नाही का?

ताई: पहिल्या फटक्यात पास झाली ती.

भाऊ: झाली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याची मुलगी शेजारच्या उंटावर बसून पास झाली. बोल, अजून काय बोलायचंय?

ताई: टोमणा नव्हता तो. मी तुझ्या पायाचा विचार करतेय. परवा वाचनालयात त्या प्राध्यापक बाईंचं व्याख्यान झालं, सांगितलं होतं ना तुला?

भाऊ: तू रोज काहीतरी सांगतेस. नोकरी सुटल्यापासून तुझं डोकं रिकामं बसत नाही.

ताई: स्टोइक म्हणून लोक होते फार जुन्या काळी. त्यांच्यातला एक जण आधी गुलाम होता. पायाने अधू होता म्हणतात. बाई सांगत होत्या, त्याच्या हिशेबी जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोन ढीग करायचे. जे आपल्या हातात आहे ते एकीकडे आणि जे नाही ते दुसरीकडे. आपण काय मानायचं, काय मागायचं, काय करायला जायचं, एवढंच आपलं. तब्येत, नाव, लोकांची तोंडं, कोण राहील न् कोण जाईल, ते सगळं पलीकडच्या ढिगात. काळजी करायची ती पहिल्या ढिगाची.

भाऊ: मग दुसऱ्याचं काय करायचं?

ताई: येईल तसं घ्यायचं.

भाऊ: सोपं आहे की. त्याच्यासाठी व्याख्यान कशाला पाहिजे?

ताई: सोपं वाटतं, पण घोडं तिथेच पेंड खातं. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या धुलाई विभागात ढीगच केले. साधे कपडे इकडे, संसर्गाचे तिकडे. तेही दोनच ढीग, कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून तिसरा ढीग असायचा. चादरीवर डाग आहे, पण तो चहाचा, औषधाचा की आणखी कशाचा, ते कळत नाही. आमच्या मुलींची सगळी भांडणं त्या तिसऱ्या ढिगावरून व्हायची.

भाऊ: मग काय करायचात तुम्ही?

ताई: हातमोजे घालून उघडून बघायचो. न बघता टाकायचं नाही आणि तसंच पडू द्यायचंही नाही. पाळी संपायच्या आत तिसरा ढीग रिकामा झाला पाहिजे, एवढं मी बघायचे. आता गाडी थांबवणं ही गोष्ट घे. उघडून बघितली की ती एक गोष्ट राहतच नाही. मी पुढे बघणं, पाय उचलणं, तो दाबणं, हे माझं. रस्ता ओला असणं, सायकलवाला आडवा येणं, हे माझं नाही. इथवर मला कळलं. पण तुझा पाय? तो कुठल्या ढिगात घालू?

भाऊ: माझा पाय माझाच आहे, ताई. लहानपणापासून.

ताई: मग तो माझ्या ब्रेकवर काय करतोय? करून बघू. गोदामांच्या मागे मोकळी जागा आहे ना, तू नवख्यांना नेतोस ती? तिकडे घेते. आणि तू मांडी घाल.

भाऊ: काय घालू?

ताई: मांडी. सीटवर. दोन्ही पाय वर.

भाऊ: शिकवणारा मांडी घालून बसलाय, हे कोणी बघितलं तर उद्यापासून दुकान बंद.

ताई: गोदामापाशी कोण बघतंय? आत्ता राहू दे, तिथे गेल्यावर घाल. तोवर दाब हवा तेवढा, शेवटचा दाबून घे.

भाऊ: शेवटचा वगैरे म्हणू नकोस, बाई.

ताई: आलो. ते पुठ्ठ्याचं खोकं बघ, भिंतीच्या अलीकडे पडलंय ते. तो सायकलवाला समज. त्याच्या अलीकडे मी थांबवणार. घातलीस मांडी?

भाऊ: घालतोय. गुडघा दारात अडकतोय माझा. पोट सुटल्यावर मांडी घालायची म्हणजे... हां. झालं. सावकाश जा. दुसरा गिअर नको. ताई, बघ हं. ताई, खोकं. ताई!

ताई: लागलं का?

भाऊ: लागलं म्हणजे? खालीच गेलं. सायकलवाला वारला.

ताई: तू काही केलं नाहीस?

भाऊ: काय करणार? माझे पाय माझ्याच खाली.

ताई: अरे, मी खरंच वाट बघत होते. डोळ्यांना खोकं दिसत होतं, डोकं सांगत होतं दाब, आणि पाय म्हणत होता, दाबेल की तो. किती गंमत आहे. म्हणजे चूक एकट्या तुझी नाही. तू देत होतास आणि मी घेत होते.

भाऊ: गंमत काय त्यात? माझा घाम बघ.

ताई: मागे घेते. परत.

भाऊ: खोकं चपटं झालंय.

ताई: दिसतंय तेवढं पुरे. बोलू नकोस आता, तोंडाने पण ब्रेक लावतोस तू.

भाऊ: ...

ताई: थांबली.

भाऊ: फार आधी थांबली. मध्ये एक हत्ती मावेल.

ताई: पण थांबवली कोणी?

भाऊ: तू.

ताई: परत.

भाऊ: ...

ताई: आता?

भाऊ: आता बरोबर. एकदम बरोबर. धक्काही बसला नाही.

ताई: तुझ्या पायाचा पंजा हलला पण. मांडीत असूनही. बघितलं मी.

भाऊ: तू पुढे बघायचंस, माझ्या पंजाकडे नाही. ताई, एक सांगू का? इथे खोकी आहेत, ठीक आहे. रस्त्यावर खोकी नसतात. मला भीती वाटते. परक्या कोणाला शिकवताना वाटत नाही एवढी. दाजी अंघोळीला गेले आणि तिथेच पडले, उजवी बाजू लुळी झाली, कोणाच्या हातात काही राहिलं नाही. आपल्या घरात माझ्यापेक्षा मोठी आता तुम्ही दोघंच. तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू?

ताई: म्हणून पाय?

भाऊ: म्हणूनच असेल. मला वाटतं, निदान एवढं तरी माझ्या पायाखाली आहे.

ताई: मलाही भीती वाटते, राजा. गोदामाच्या भिंतीचीसुद्धा वाटते. भीती येते ती आपल्याला विचारून येत नाही, तिचं काय करायचं तेवढं विचारून होतं. तुला भीती वाटली की तू माझा ब्रेक दाबतोस. त्याने तुझी भीती कमी होते आणि मी नापास होते.

भाऊ: असं सरळ तोंडावर सांगू नकोस गं.

ताई: मग काय फिरवून सांगू? परीक्षा तोंडावर आलीय.

भाऊ: त्या परीक्षेचंच बोलायचं होतं मला. किती दिवस सांगेन सांगेन म्हणतोय. तू हे सगळं कशासाठी करतेस, मला माहीत आहे. रविवारी दाजींना त्या पुनर्वसन सेंटरमधून घरी आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं. डॉक्टर हो म्हणालेत. तुमची ती गाडी आवरणाखाली उभीच आहे.

ताई: बरोबर.

भाऊ: दाजी येणार नाहीत, ताई. मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो तेव्हा म्हणाले. एकदा त्या भाड्याच्या गाडीतून घरी आणलं होतं ना, दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून जिन्यावरून नेलं होतं, सगळी बिल्डिंग दारात उभी. तेव्हापासून म्हणतात, मी आता कुठे जाणार नाही, इथेच बरा आहे. मला म्हणाले, ताईला सांगू नका, ती हौसेने शिकतेय.

ताई: मलाही म्हणाले.

भाऊ: काय?

ताई: हेच. येणार नाही म्हणाले. आणि म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो मन लावून शिकवतोय.

भाऊ: तुला माहीत होतं? मग ऊन नाही, पाऊस नाही, माझ्या शिव्या खात हे शिकतेस कशाला?

ताई: यायचं की नाही हे त्यांचं आहे. मी तिथे हात घालू शकत नाही. चाळीस वर्षं घालून बघितला, कधी उपयोग झाला नाही. पण समजा, एखाद्या रविवारी ते हो म्हणाले आणि मला गाडी येत नसली, तर ते कोणाचं? ते सगळं माझं. त्या दिवशी मी त्यांना काय सांगू, की तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं म्हणून शिकले नाही?

भाऊ: आणि त्यांनी कधीच हो नाही म्हटलं तर?

ताई: मग मला गाडी येत असेल आणि ते येत नसतील. वाईट वाटेल. खूप वाटेल. संध्याकाळी घरी दोन कप काढते मी चहाला, मग एक परत ठेवते. ते काय आवडतं मला? पण गाडी येत असेल.

भाऊ: मी आणतो म्हटलं तर?

ताई: तू आणलंस की ते पाहुणे होतात. पाहुण्यासारखे अवघडून बसतील आणि घड्याळ बघतील. आणि तुझा रविवार म्हणजे क्लासचा दिवस. ते जाऊ दे. आत्ता किती वेळ आहे तुझ्याकडे?

भाऊ: आहे थोडा. का?

ताई: सेंटर इथून लांब नाही. तिकडेच घेऊ. या वेळेला ते बाहेर बाकावर असतात.

भाऊ: मोठा रस्ता लागतो मध्ये. ट्रक असतात.

ताई: परीक्षेतही तोच रस्ता आहे. मांडी सोड आता, रस्त्यावर बरं दिसत नाही. पाय मागे घे, सीटला टेकव. जिवावर बेतलं तर दाब, मी नाही म्हणत नाही. पण दाबलास तर तोंडाने सांगायचं, मी दाबला. गुपचूप नाही दाबायचा.

भाऊ: प्रत्येक वेळी?

ताई: प्रत्येक वेळी. मला कळलं तर पाहिजे, कुठलं माझं आणि कुठलं तुझं.

भाऊ: चल. आरसा. सिग्नल. मी काही बोलत नाही.

ताई: बोलतोयस.

भाऊ: सवय आहे गं.

ताई: हा ट्रक का हॉर्न मारतोय? मी काय केलं?

भाऊ: काही नाही केलंस. त्याला घाई आहे.

ताई: मग ते त्याच्याकडेच राहू दे. मी आहे तशी जाते.

भाऊ: मी दाबला.

ताई: कळलं मला. ती रिक्षा आडवी आली ना, मी बघितलीच नव्हती. बरं झालं सांगितलंस. तिच्या आधी कुठे बघायला हवं होतं मी?

भाऊ: गल्लीच्या तोंडाकडे. गल्ली दिसली की पाय ब्रेकवर नेऊन ठेवायचा, दाबायचा नाही. कोणी नाही आलं तर परत उचलायचा.

ताई: हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस.

भाऊ: सांगायची वेळच नाही आली. माझा पाय जायचा ना तिथे.

ताई: ही गल्ली. हा ठेवला पाय. आणि ही शाळेची पोरं.

भाऊ: हा मी नाही हं. माझे पाय मागे आहेत.

ताई: माहीत आहे. हा माझा.

भाऊ: फाटक आलं. आत घे. दगडाला लावू नकोस. बाकासमोर थांबव. बसलेत बघ दाजी.

(सेंटरचं आवार. गाडी बाकासमोर येऊन थांबते, इंजिन चालूच. दाजी काठीवर हनुवटी टेकून बसलेले.)

दाजी: आज वरात इकडे कशी? डोक्यावर पाटी काय, शिकाऊ चालक काय. मेव्हणे, तुमचा चेहरा का उतरलाय?

भाऊ: मोठ्या रस्त्याने आणली, दाजी. ताईने.

दाजी: सगळा रस्ता?

भाऊ: एकदा मी दाबला ब्रेक. बाकी सगळा तिने.

दाजी: तुम्ही सांगून टाकलंत? कमाल आहे. आजवर तुमचा कुठलाच विद्यार्थी तुमच्या ब्रेकबद्दल बोललेला नाही.

ताई: तुम्हाला माहीत होतं?

दाजी: तीनदा गाडी चालवलीय मी यांना शेजारी बसवून. माणूस पायाने संसार करतो.

ताई: मग मला का नाही सांगितलंत?

दाजी: तू विचारलं नाहीस. जेवण झालं का तुमचं?

ताई: घरी जाऊन करू. मी आता आवारात एक फेरी मारणार आहे. त्या टाकीला वळसा घालून परत इथे. तुम्ही बसता का?

दाजी: नाही.

ताई: बरं.

दाजी: बरं म्हणजे?

ताई: बरं म्हणजे बरं. मी मारून येते.

दाजी: परत नाही विचारणार?

ताई: विचारून झालं की.

दाजी: मेव्हणे, हिची तब्येत ठीक आहे ना? एरवी एका ‘नाही’वर हिचे दहा ‘का’ येतात.

भाऊ: आजकाल ती ढीग करते, दाजी. मला विचारू नका, मला अर्धंच समजलंय.

दाजी: कसले ढीग?

ताई: आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, त्याचे. व्याख्यानात ऐकलं, मग घरी बसून करून बघितले.

दाजी: आणि मी कुठे पडलो?

ताई: तुम्ही सगळे एका ठिकाणी मावत नाही. उघडून बघावं लागलं. तुमचा उजवा हात, उजवा पाय, ते तुमच्याही हातात नाही न् माझ्याही. डॉक्टरांच्या थोडं आहे, बाकी बघू. तुमचं हो आणि नाही, ते तुमचं. मी येणं, विचारणं, गाडी शिकणं, हे माझं. मी इतके दिवस तुमचं ‘नाही’ हातात घेऊन बसले होते. घरी नेत होते, रात्री उशाशी ठेवत होते. आज ते परत द्यायला आले.

भाऊ: दाजी, पाणी देऊ का?

दाजी: नको. मेव्हणे, मी कुठलं काम केलं आयुष्यभर?

भाऊ: घरसामान हलवायचं. शहरभर.

दाजी: कपाटं, पलंग, पियानोसुद्धा. चार माणसं लावून. मी पोरांना सांगायचो, कोपरे सांभाळा, भिंत सांभाळा, दाराची चौकट सांभाळा. कपाटाला कोणी विचारत नाही, बाबा रे, कसं धरू. विचारायचं कारणच नाही. त्या दिवशी मला जिन्यावरून नेलं ना, तेव्हा ते दोघं एकमेकांना सांगत होते, कोपरा सांभाळ, चौकट सांभाळ. माझ्याच भाषेत. कामाला चांगली होती पोरं, एक ओरखडा नाही उठला. पण वाटलं, झालं, आपण सामान झालो.

ताई: हे मला सांगितलं नव्हतंत.

दाजी: काय सांगायचं? तू रडली असतीस.

ताई: आत्ताही रडतेच आहे. रडू माझ्या हातात नाही, एवढं सोडून बाकी ठीक आहे.

भाऊ: ताई, थांब. मी उतरतो. माझी जागा मोकळी करतो.

दाजी: तुम्ही कशाला उतरता? मी बसतो म्हटलंय का?

भाऊ: नाही म्हटलंत. मी आपले पाय मोकळे करतो. मांडी घालून पार जाम झालेत.

दाजी: दार उघडंच ठेवलंत.

भाऊ: विसरलो.

दाजी: मेव्हणे, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. हे खाली काय आहे? या बाजूची पेडलं हीच ना?

भाऊ: हो. क्लच आणि ब्रेक. कोणी बसणार असेलच तर तिकडे पाय लागणार नाही असं बघायला हवं. मी चटई आडवी टाकतो.

ताई: चटई नको टाकूस. लागू दे.

दाजी: माझा डावा पाय चालतो.

ताई: माहीत आहे मला.

दाजी: चांगला चालतो. उजवा उचलून आत ठेवावा लागेल, पण तो मी हाताने ठेवेन. कोणी पुढे यायचं नाही.

भाऊ: मी इथे उभा आहे. हात खिशात घालून.

दाजी: मी मध्येच ब्रेक दाबला तर?

ताई: गाडी बंद पडेल.

दाजी: मग?

ताई: मग मी परत चालू करेन. त्याचा सराव आहे मला भरपूर.

दाजी: आणि मी परत दाबला?

ताई: परत बंद पडेल. तुम्हाला वाटलं उतरावं, तर उतरायचं. टाकीपर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही.

दाजी: रागावणार नाहीस?

ताई: रागावेन कदाचित. ते बघू तेव्हा.

दाजी: हं.

भाऊ: दाजी?

दाजी: मेव्हणे, काठी कुठे ठेवायची?